नदीकडील बागेवर पांढरें आलें त्याची हकीकत

श्री. ज्याचे इच्छेवांचून पान हालत नाहीं त्यास, आणि ज्या मातींत पान उगवतें त्या भूमीस दंडवत घालून, नदीकडील बागेची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली आहे. उणें असेल तें वाचणारांनीं पदरचें घालून पुरें करावें.

शके सोळाशें ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सर, पौषमासीं संक्रांतीचा सण होऊन गेला आणि राज्यांत सर्व प्रकारें स्वस्थता होती. गडकोटांस दाणागल्ला भरला होता, शत्रु आपले मुलखीं बसला होता, महाराज शिकारीस जात होते आणि शिकार मिळो न मिळो संतोषानें परत येत होते. ऐशा समयीं राजधानीचे नदीकडील बागेवर पांढरें आलें. ही बाग महाराजांचे चुलत थोरले बंधू मानाजीराव यांनीं लाविली होती. ते उत्तरेकडील मोहिमेंत कामास आले, त्यास दोन तपें लोटलीं, आणि तेव्हांपासून त्यांचे कुटुंब मैनाबाईसाहेब बागेचा कारभार पाहत होत्या. बाईसाहेबांचें बोलणें थोडें, नजर बारीक. रोज सकाळीं पायांत जाड वाहणा घालून साऱ्या बागेंतून एक फेरा घालीत, आणि मग दुसरें काम. त्यांस मूलबाळ नव्हतें. बाग होती.

एके सकाळीं बाईसाहेब नेहमींपेक्षां लवकर आल्या, तों धाकोजी माळी जास्वंदीच्या ताटव्यांत खराटा घेऊन फांद्या घाशीत उभा. बाईसाहेब म्हणाल्या, "धाकोजी, झाडाचे दांत घासतोस काय?" धाकोजी दचकला आणि खराटा पाठीमागें धरून म्हणाला, "नाहीं बाईसाहेब, जरा धूळ बसली होती." बाईसाहेब म्हणाल्या, "धूळ पानावर बसते. ही फांदीच्या बगलेंत बसली आहे. सरक." आणि पाहतात तों कापूस पिंजोन बेचक्याबेचक्यांत कोंबावा तैसें पांढरें, पानें चिकट, चिकट्यावर काजळी धरलेली, आणि कळ्या उमलण्यापूर्वींच गळोन खालीं पडलेल्या. "कधींपासून?" "दिवाळीपासून." "आणि मज संक्रांत झाल्यावर कळतें." धाकोजी मान खालीं घालून म्हणाला, "आधीं वाटलें, जाईल. मग वाटलें, सांगितलें तर माझेंच करणें म्हणाल." बाईसाहेबांस राग आला होता, तो त्यांनीं गिळिला आणि त्यास बरोबर घेऊन अवघी बाग फिरल्या. तों गुलाबाच्या पानांवर कोणी पीठ चाळलें ऐसें, द्राक्षांच्या मांडवावर तैसेंच, डाळिंबांच्या फळांस देठापाशीं कापूस, आणि जुन्या आंब्यांच्या बुंध्यांवर पांढुरके चट्टे. जेथें पाहावें तेथें पांढरें. 

गोष्ट लपणारी नव्हती. पेठेंत बोलवा उठली कीं राजाच्या झाडांस कोड फुटलें, आणि राजज्योतिष्यांनीं ग्रह मांडून तेंच सांगितलें. मग दरबारांत कारभारी विसाजीपंत उभे राहिले. विसाजीपंत म्हणजे सरळ मनुष्य, रयतेची चिंता वाहणारा, परंतु एकदां मनानें घेतलें कीं मागें न हटणारा. पंत म्हणाले, "महाराज, मज झाडांचें वैर नाहीं. परंतु बागेखालीं रयतेचे डाळिंबांचे मळे आहेत आणि निम्मी पेठ त्यांवर जेवते. आपली एक बाग राखतां राखतां ते मळे गेले तर उद्यां लोक दारीं येतील, त्यांस काय सांगावें? होळीस लांकूड लागतेंच. बाग तोडावी, होळींत घालावी, आणि जमीन नांगरून उन्हाळाभर तापूं द्यावी." दरबारांत माना डोलल्या. बाईसाहेब पडद्याआड होत्या, त्या म्हणाल्या, "पंत म्हणतात तें भय खरें आहे. परंतु हें काय आहे, कशानें आलें, कोणास ठाऊक नाहीं. तोडलें तर चूक निघाली तरी झाड परत येत नाहीं. होळीपर्यंत मुदत असावी." महाराजांस निवाडा करणें फारसें रुचत नसे. त्यांनीं एकदां पंतांकडे आणि एकदां पडद्याकडे पाहिलें आणि म्हणाले, "वहिनीसाहेब, होळीपर्यंत बाग तुमची. मात्र रयतेच्या एका मळ्यांत जरी हें पांढरें दिसलें, तरी त्याच दिवशीं कुऱ्हाड." बाईसाहेबांनीं मान्य केलें.

मग बाईसाहेबांनीं तंबाखूचा कडक काढा करविला, मोठमोठ्या हंड्यांत उकळविला, आणि झाड कोणतें हें न पाहतां सर्वांवर सारखा मारविला. माळ्यांचे डोळे चुरचुरले आणि बागेंतून जाणारीं गुरें शिंकलीं. पुढें पाहतात तों जास्वंदीवरचें पांढरें कांहीं कमी झालें, गुलाबावरचें उलट वाढलें आणि कोंवळीं पानें करपलीं, आणि आंब्यावरचे चट्टे जैसेचे तैसे. माघ उजाडला होता. बाईसाहेब विहिरीच्या कठड्यावर बसल्या आणि धाकोजी समोर उभा राहिला. बाईसाहेब म्हणाल्या, "औषध एक, आणि गुण तीन तऱ्हेचा. याचा अर्थ काय?" धाकोजी म्हणाला, "औषध वाईट." बाईसाहेब म्हणाल्या, "नव्हे. आजार तीन. पंत एका कुऱ्हाडीनें सर्व उरकूं पाहत होते आणि मी एका हंड्यानें. दोघांनींही पाहिलें नाहीं."

तेव्हांपासून त्यांनीं पाहण्यास आरंभ केला. काढा बंद केला, एक सुई आणि पाण्याची वाटी घेतली, आणि झाडाझाडापाशीं बैठक मारून बसूं लागल्या. जास्वंदीवरचा कापूस सुईनें उकलला तों आंत जीव निघाला, मऊ, गुलाबी, पिठांत लोळविल्यासारखा, आणि अंगठ्यानें चिरडतां ओल आली. हा किडा, लोक यास पिठ्या म्हणतात. झाडाचा रस पितो, गोड चिकटा टाकतो, आणि त्या चिकट्यास्तव मुंग्या त्यास एका फांदीवरून दुसरीवर नेतात, जैसा कोणी दुभती गाय नेतो. सीताफळ, डाळिंब, लिंबू, सर्वांवर हाच. गुलाबाचें आणि द्राक्षाचें पांढरें अंगठ्यानें पुसलें तों पिठासारखें निघालें, ओल नाहीं, पाय नाहींत, जीव दिसेना. ही भुरी, बुरशीची जात. जेथें झाडी दाट, ऊन पोंचत नाहीं, तेथेंच अधिक. आणि जुन्या आंब्याचा चट्टा नखानें खरवडला तों कोरडा पापुद्रा, कडा मुरडलेल्या, खालची साल जीवंत आणि हिरवी. बाईसाहेबांनीं तो पापुद्रा नाकाशीं नेला, आणि पुष्कळ दिवसांनीं प्रथमच हंसल्या. धाकोजीस वाटलें, आतां बाईसाहेबांचें डोकें फिरलें. त्या म्हणाल्या, "हें राहूं दे. यास हात लावूं नको. थोडें मात्र मुदपाकखान्यांत पाठीव."

मग ज्याचें त्यास औषध ठरलें. पिठ्यानें भरलेल्या फांद्या छाटून खड्ड्यांत जाळिल्या, उरलेल्यांवर पाण्याची जोराची धार धरून किडा पाडिला, आणि वर रिठ्याचे पाण्यांत निंबोळीचें तेल घुसळून तें पानांच्या खालच्या अंगास लाविलें. बुंध्यांस एरंडेलांत भिजविलेल्या चिंध्या गुंडाळिल्या, म्हणजे मुंग्यांचा रस्ता बंद. गुलाबांची आणि द्राक्षांची झाडी विरळ केली, ऊनवारा खेळूं दिला, आणि आंबट ताक पातळ करून शिंपिलें. त्यानें गुलाब सावरला, द्राक्ष सावरेना. त्यास गंधक पाहिजे, ऐसें एका जुन्या वैद्यानें सांगितलें, आणि गंधक तो सगळा तोफांच्या दारूखान्यांत, आणि दारूखान्याची किल्ली विसाजीपंतांकडे. बाईसाहेबांनीं तें मागणें लांबणीवर टाकिलें.

ऐशांत एक नवल झालें. धाकोजी बाभळीच्या कांट्यानें पिठ्या वेंचीत होता, तों त्यांतला एक, मोठा, अंगावर लांब लांब पांढऱ्या झिपऱ्या असलेला, तुरुतुरु पळाला. बाईसाहेबांनीं तो पानासकट वाटींत घेतला आणि सकाळभर त्याकडे पाहत राहिल्या. तो इतर पिठ्यांपाशीं जाई आणि त्यांस खाई. एक संपला कीं दुसरा. बाईसाहेब म्हणाल्या, "धाकोजी, हा त्यांच्यांतला नव्हे. आजवर असे किती मारिलेस?" धाकोजी म्हणाला, "पुष्कळ. कपडे तेच, ओळखावा कसा?" "पळतो तो आपला. एके ठायीं बसून पितो तो परका." धाकोजी विचार करून म्हणाला, "माणसांत उलटें असतें." बाईसाहेब म्हणाल्या, "माणसांचें मग पाहूं. हे ज्या झाडावर दिसतील त्यावर तेल मारूं नको." पुढें त्या झिपऱ्या किड्याचा तपकिरी, हरभऱ्याच्या डाळीहून लहान असा भुंगा होतो, तेंही त्यांनीं पाहिलें.

गुण येऊं लागला होता, इतक्यांत घात झाला. पाटाखालचा पहिला मळा चंद्राई नामें मळेकरणीचा. ती एके दिवशीं डाळिंबाची फांदी हातांत घेऊन बागेच्या दारीं आली आणि फांदी बाईसाहेबांपुढें ठेवून म्हणाली, "हा आजार तुमच्याकडचा हाय. आमच्याकडं कधी नव्हता." देठापाशीं तोच कापूस. बाईसाहेबांनीं धाकोजीस विचारलें, "खराट्यानें पाडलेलें कोठें टाकीत होतास?" धाकोजी म्हणाला, "पाटांत." आणि पाट बागेंतून निघोन थेट मळ्यांत जातो. चंद्राई निघोन गेल्यावर धाकोजी हलकेंच म्हणाला, "बाईसाहेब, एवढा एकच मळा. आपण गुपचूप जाऊन धुवून काढूं. पंतांस कळण्याचें कारण नाहीं." बाग बाईसाहेबांच्या डोळ्यांसमोर होती, जास्वंदीस नवी पालवी फुटत होती, आणि धाकोजी म्हणतो तें होण्याजोगें होतें. मग त्या उठल्या, मेणा मागविला, आणि कचेरींत जाऊन पंतांस म्हणाल्या, "पंत, रयतेच्या मळ्यांत पांढरें गेलें. आमच्याच पाटानें गेलें. तुमचें भय खरें ठरलें."

पंतांनीं लेखणी खालीं ठेविली. त्यांस वाटलें होतें कीं ही बातमी आपणांस हेरांकडून कळेल, ती बाईसाहेबांच्याच तोंडून आली. म्हणाले, "आधीं पाहूं." आणि मेण्याबरोबर पायीं चालत मळ्यापर्यंत गेले. तेथें बाईसाहेबांनीं त्यांस किडा दाखविला, मुंग्या दाखविल्या, तेलाची चिंधी दाखविली, आणि पळणारा कोणता, बसणारा कोणता तेंही सांगितलें. चंद्राई कंबरेवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, "रोग राजवाड्यानं दिला, दवा बी राजवाड्यानंच द्यावी. बाग जाळून माझं झाड बरं हुणार हाय का?" पंतांनीं बाईसाहेबांकडे पाहिलें. "होईल काय?" बाईसाहेब म्हणाल्या, "नाहीं. आतां तो येथेंही आहे." पंत म्हणाले, "तर कुऱ्हाडीचें काम राहिलें नाहीं, औषधाचें राहिलें. बागेंतले सगळे माळी उद्यांपासून येथें लावा." बाईसाहेब म्हणाल्या, "महाराजांचा शब्द आहे." पंत म्हणाले, "महाराजांस मी सांगतों. आपणांस आणिक काय पाहिजे?" "गंधक." पंत म्हणाले, "किती?" आणि किल्ली काढोन दिली. महाराज शिकारीहून परतले तेव्हां दोघांनीं मिळोन सर्व वृत्त निवेदन केलें. महाराज म्हणाले, "तुम्ही दोघे एक गोष्ट सांगतां हेंच मज नवल. मग मी मध्यें कां पडूं?" मग माळी मळ्यांत गेले, चंद्राईचीं अर्धीअधिक डाळिंबें वांचलीं, बाकीचीं तोडून जाळावीं लागलीं, आणि त्याबद्दल ती जें बोलावयाचें तें बोलली आणि बाईसाहेबांनीं ऐकोन घेतलें. द्राक्षांवर ऊन चढण्यापूर्वीं गंधकाची भुकटी धुरळिली आणि भुरी हटली.

फाल्गुन लागला. बाईसाहेबांचा फेरा चालूच होता. एके सकाळीं पाणवठ्याचे वाटेवर त्या थांबल्या. या वाटेवर एक रायवळ आंबा आहे. मानाजीराव मोहिमेस निघाले त्या दिवशीं आंबा खात खात बागेंतून चालले होते, कोय तेथेंच मातींत दाबली आणि म्हणाले, "रोज पाणी घालूं नका, कुजेल." इतकेंच बोलून घोड्यावर बसले. तें झाड आतां मोठें झालें होतें, आणि पेठेंतल्या बायका घागरी घेऊन जातां येतां त्याच्या सावलींत टेकत. मागें एका सालीं पुरांत वाहत आलेल्या ओंडक्यानें त्याचा बुंधा सोलला होता, तो भरून आला ऐसें सर्वांस वाटे. त्याच जखमेखालीं, गवतांत, बाईसाहेबांस पांढरें दिसलें. कापूस नव्हे, पीठ नव्हे, पापुद्रा नव्हे. बुंध्यांतून थाळीच्या काठासारखें बाहेर आलेलें, कठीण, एकावर एक. झाडावरची अळंबी. बाईसाहेबांनीं काठीनें शेजारचा आंबा ठोकला, टणक वाजला. हा ठोकला, ढोलासारखा वाजला. धाकोजीनें जुन्या जखमेंत काठी सारली, ती हातभर आंत गेली आणि त्यानें ती हलकेंच बाहेर काढिली. वर झाड मोहोरानें भरलें होतें आणि मधमाश्या गुणगुणत होत्या. पुढचे कांहीं दिवस बाईसाहेब फेऱ्यास दुसऱ्या वाटेनें गेल्या.

होळीपूर्वीं महाराज, विसाजीपंत आणि दरबारी मंडळी बाग पाहण्यास आले. जास्वंद फुलली होती, गुलाबास कळ्या होत्या, द्राक्षांचा मांडव स्वच्छ होता. पंत जुन्या आंब्यांपाशीं थबकले आणि म्हणाले, "बाईसाहेब, येथें पांढरें तैसेंच आहे." बाईसाहेब म्हणाल्या, "आहे, आणि राहील. झाडाचें कांहीं खात नाहीं, सालीवर बिऱ्हाड करून राहतें. आणि पंत, काल महाराजांचे पंक्तीस आमटी कशी होती?" पंत म्हणाले, "उत्तम. दोनदां घेतली." बाईसाहेब म्हणाल्या, "तिच्या मसाल्यांत हेंच दगडफूल होतें. येथलेंच." महाराज इतके हंसले कीं पागोटें सांवरावें लागलें, आणि पंतही हंसले. मग महाराज म्हणाले, "वहिनीसाहेब जिंकल्या. बाग राहिली. चला." बाईसाहेब म्हणाल्या, "अजून एक झाड पाहावयाचें आहे," आणि मंडळीस पाणवठ्याचे वाटेवर नेलें, गवत बाजूस केलें, आणि काठीनें ठोकून आवाज ऐकविला. म्हणाल्या, "हें आंतून गेलें आहे. यास औषध नाहीं. तोडावें लागेल."

तें झाड कोणी लाविलें हें सर्वांस ठाऊक होतें. महाराजांचें हंसें मावळलें. ते म्हणाले, "मोहोर आला आहे. फळ तरी उतरूं द्या." बाईसाहेब म्हणाल्या, "वळवाचा वारा फळापूर्वीं येतो." मग विसाजीपंत पुढें झाले, ज्यांनीं सगळी बाग होळींत घालावयाची म्हटली होती तेच, आणि हळू आवाजांत म्हणाले, "बाईसाहेब, एक झाड राहिलें तर राज्य बुडत नाहीं. कुंपण घालूं, वाट वळवूं." बाईसाहेबांनीं त्यांच्याकडे पाहिलें. त्यांस पंतांचें बोलणें गोड लागलें, आणि हो म्हणावें ऐसें मनांत आलें. परंतु नेमक्या त्याच वेळीं दोन पोरी घागरी घेऊन त्या बुंध्यास टेकून उभ्या होत्या, राजा पाहण्यास थांबलेल्या. बाईसाहेब म्हणाल्या, "बायका सावली पाहतात, कुंपण पाहत नाहींत. पंत, प्रत्येक पांढऱ्याचा वेगळा निवाडा करावा म्हणोन मीच मुदत मागितली होती. याचा निवाडा हा आहे."

दुसरे दिवशीं सकाळीं झाड तोडिलें. दोर नदीकडे बांधिले, वाट बंद केली. सुतारांनीं थोडेच घाव घातले तों झाड आपल्याच भारानें गेलें, मोहोरासकट, आणि मोठा आवाज झाला. बाईसाहेब प्रथम इतकेंच म्हणाल्या, "कोणास लागलें नाहीं ना?" कोणास लागलें नव्हतें. मग त्या बुंध्यापाशीं गेल्या. आंत माणूस बसेल एवढी पोकळी, आणि लांकूड शिळ्या भाकरीसारखें. त्यांनीं मूठभर घेतलें, तें बोटांत चुरलें. धाकोजी रडत होता. बाईसाहेब त्यास म्हणाल्या, "मोहोराच्या डहाळ्या वेगळ्या कर, मधमाश्या अजून बसल्या आहेत. त्या उठल्या म्हणजे ने." त्या दिवशीं बाईसाहेबांनीं भोजन केलें नाहीं. दुसरे दिवशीं केलें.

येणेंप्रमाणें बागेवर चार प्रकारचें पांढरें आलें. एक धुवून आणि मुंग्या अडवून गेलें, दुसरें ऊन, ताक आणि गंधक यांनीं गेलें, तिसरें राहूं दिलें, आणि चौथ्यास इलाज नव्हता. पाडव्यास बागेंत फुलें होतीं. पाणवठ्याची वाट त्या उन्हाळ्यांत उघडी राहिली, बायका डोक्यावर ओला पदर घेऊन जात आणि झाड तोडणारांस बोल लावीत, आणि बाईसाहेब सकाळच्या फेऱ्यांत त्या वाटेनें जात तेव्हां तें ऐकत आणि पुढें जात.